माहीत असलेली चूकच निसटते

स्मरणिकेत, पुस्तकात किंवा लग्नपत्रिकेत छापून गेलेली चूक दाखवली, की ती तपासणारा कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, 'अहो, हे तर मला माहीत होतं!' तो खोटे बोलत नसतो. 'आशीर्वाद' कसा लिहायचा हे त्याला ठाऊक असते, तरी पत्रिकेवर 'आर्शिवाद' छापला जातो. 'महत्त्व' या शब्दात दोन 'त' आहेत हे तो इतरांना सांगत असतो, आणि त्याच्याच लेखाच्या शीर्षकात एक 'त' गळालेला असतो.

मुद्रितशोधन सुधारायचे म्हणजे शुद्धलेखनाचे नियम पक्के करायचे, अशी आपली समजूत असते. नियम पक्के हवेतच. पण निसटलेल्या चुका एकदा समोर मांडून पाहा. त्यांतल्या बऱ्याचशा अज्ञानाच्या नसतात, वाचण्याच्या सवयीच्या असतात. म्हणून सुधारणेला सुरुवात करायची ती वाचण्यापासून. दिवाळी अंक, संस्थेचा अहवाल, प्रबंध, स्वतःचे पहिले पुस्तक, अशा कुठल्याही मजकुराचे प्रूफ तपासण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी ही कामाची पद्धत.

डोळ्याला हळू करा

वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, पुढच्या जागी उडी घेतो, आणि उडी चालू असताना त्याला जवळजवळ काही दिसत नाही. मधल्या जागा मेंदू अंदाजाने भरून काढतो. मजकूर जितका ओळखीचा, तितका अंदाज जास्त. लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत त्या याच कारणाने: कागदावर काय आहे त्याऐवजी आपल्याला काय म्हणायचे होते ते तो वाचतो.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. शब्दाचा मुख्य आकार शिरोरेषेखाली एकसंध दिसतो, आणि वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार त्याच्या वर, खाली, कडेला असतात. 'परिस्थिती' आणि 'परीस्थिती' यांची बाह्यरेषा इतकी सारखी, की वेगात वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. म्हणून वेग मोडणे हेच पहिले काम.

त्यासाठी साधे उपाय पुरतात. शक्य असेल तर कागदावर छापून तपासा. पडद्यावरच तपासायचे असेल तर फॉन्ट बदला आणि अक्षर मोठे करा. ओळींची रुंदी बदलली तरी मजकूर अनोळखी दिसू लागतो. ओळीखाली पट्टी धरा, म्हणजे डोळा पुढच्या ओळीवर पळत नाही. लिहिणे आणि तपासणे यांच्यात किमान एक रात्र जाऊ द्या. गोष्टीच्या ओघात वाहून जात असाल तर शेवटच्या परिच्छेदापासून उलटे वाचत या; अर्थाचा धागा तुटला की अक्षरे दिसू लागतात. आणि सलग तासन्‌तास बसू नका. पाऊण तासाने उठा. थकलेला डोळा पाने उलटतो, चुका काढत नाही.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात हे काम दोघे मिळून करत. एक जण मूळ प्रत, म्हणजे 'कॉपी', मोठ्याने वाचे. दुसरा प्रुफावर नजर ठेवी. वाचणारा विरामचिन्हेही उच्चारी: 'स्वल्पविराम', 'अवतरण सुरू', 'नवा परिच्छेद'. शंकेच्या जागी 'पहिली वेलांटी', 'दुसरा उकार' असे सांगे. हा प्रकार आजही तितकाच उपयोगी आहे. घरातल्या कुणाला अर्धा तास बसवा. गळलेले शब्द, दोनदा पडलेले शब्द आणि वगळलेल्या ओळी या पद्धतीत सहसा सुटत नाहीत.

एका वाचनात एकच प्रश्न

एकाच वाचनात सगळे पकडू पाहणारा सगळ्यातले थोडे थोडे सोडतो. अर्थ, ऱ्हस्व-दीर्घ, आकडे आणि मांडणी यांकडे लक्ष देण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. म्हणून फेऱ्या करा, आणि प्रत्येक फेरीला एकच प्रश्न द्या.

पहिली फेरी मूळ प्रतीशी ताडून पाहण्याची. काही गळले आहे का, काही दोनदा आले आहे का, एवढेच पाहायचे. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील, तर टंकलेखकाचा डोळा एकीवरून दुसरीवर घसरतो आणि मधली ओळ जाते. उरलेले वाक्य व्याकरणाने बरोबर असेल, तर मूळ प्रत न पाहता ही चूक कधीच सापडत नाही.

दुसरी फेरी अक्षरांची: वेलांट्या, उकार, अनुस्वार, जोडाक्षरे, जोडलेले आणि तोडलेले शब्द. तिसरी नावे, आकडे आणि तारखांची. चौथी पानाच्या मांडणीची: शीर्षके, पृष्ठांक, चित्रओळी, तळटिपा. शेवटी एकदा सामान्य वाचकासारखे सलग वाचा, म्हणजे दुरुस्त्या करताना एखादे वाक्य मोडले असेल तर तिथे अडखळाल. वेळ कमी असेल तर फेऱ्या एकत्र करा, पण तिसरी फेरी वेगळीच ठेवा. वेलांटी चुकली तर वाचक हसतो. मुहूर्ताची वेळ चुकली तर तो कार्यालयात उशिरा पोहोचतो.

मराठीतल्या चुकांच्या जागा

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि शासनाने स्वीकारलेले लेखनाचे नियम एकूण १८ आहेत: १९६२चे १४ आणि १९७२चे ४. ते दोन-चार पानांत मावतात. एका बैठकीत वाचून होतात, आणि ते वाचल्याशिवाय या कामाला हात घालू नये. शंकेसाठी मो. रा. वाळंबे यांची पुस्तके, अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' आणि यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' यांपैकी निदान एक तरी टेबलावर असावे. कपाटात असलेला कोश उघडला जात नाही.

सगळे नियम सारख्याच वेळा मोडले जात नाहीत. पुढच्या जागांवर थांबून पाहायची सवय लावा.

अनेकवचनाचा अनुस्वार. 'दोन दिवसात' नव्हे, 'दोन दिवसांत'. 'वर्षापूर्वी' म्हणजे एका वर्षापूर्वी. पाच असतील तर 'पाच वर्षांपूर्वी'. 'गावात' आणि 'गावांत' हे दोन्ही शब्द बरोबर आहेत, त्यामुळे कोणता हवा ते वाक्यच सांगते. वाक्यात संख्या दिसली, की पुढच्या नामाच्या डोक्याकडे पाहायचे. आदरार्थी अनेकवचनातही हे टिंब लागते: 'मुख्यमंत्र्यांचा दौरा'.

समासाचा सांधा. 'व्यक्ती', 'भक्ती', 'बुद्धी' हे शब्द एकटे असताना शेवट दीर्घ. समासात पहिले पद झाले की ऱ्हस्व: 'व्यक्तिचित्र', 'भक्तिगीत', 'बुद्धिबळ'. लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आहे. 'स्मृतीचित्रे' असे छापले तर एका प्रसिद्ध पुस्तकाचे नावच चुकते.

सामान्यरूप. 'वकील' पण 'वकिलाला', 'गरीब' पण 'गरिबाला', 'फूल' पण 'फुलाला'. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत: 'शरीराला', 'गीताला', 'सूत्राने'.

दोन्ही बरोबर असणारे शब्द. 'महाराष्ट्र दिन' हवा असताना 'महाराष्ट्र दीन' छापले, तर शब्द शुद्धच आहे; अर्थ मात्र राज्याला गरीब करून जातो. 'पीक' शेतात येते, 'पिक' म्हणजे कोकीळ. 'शिर' म्हणजे डोके, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. अशा जोड्या संगणकाला कळत नाहीत.

र-काराची दोन रूपे. 'आचार्यांना' शिकवायला बोलावतात, 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाला. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'सातारऱ्याला' अशा जागी बोट ठेवून अक्षर पाहा. या तिन्हींपैकी एकात चूक मुद्दाम ठेवली आहे, ती दिसली का? 'साताऱ्याला' असे हवे.

तोडलेले शब्द. शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात: 'सभेनंतर', 'गावापासून', 'त्याच्यासाठी'. मोबाइलवर टंकलेला मजकूर आला, की 'सभे नंतर' अशी जोडगोळी ठिकठिकाणी भेटते. 'च' आणि 'ही' यांचेही तसेच.

'राहणे' आणि 'पाहणे'. नियमांनुसार 'राहणे', 'पाहणे'. आज्ञार्थी मात्र 'राहा', 'पाहा' यांबरोबर 'रहा', 'पहा' हेही चालते. 'रहाणे', 'पहाणे' इतके सर्रास छापले जाते, की अनेकांना ते बरोबरच वाटते.

यांतल्या सगळ्या जागा तुमच्या नसतील. प्रत्येकाच्या चुका ठरलेल्या असतात. एक वही करा, आणि आपल्याकडून निसटलेली प्रत्येक चूक तीत लिहा. काही महिन्यांत तुमची स्वतःची, पानभर लांबीची यादी तयार होईल. कुठलेही प्रूफ हातावेगळे करण्याआधी ती यादी समोर ठेवून एकदा फिरा.

एकसारखेपणाचा कागद

काही ठिकाणी दोन्ही रूपे चालतात, पण एकाच पुस्तकात दोन्ही चालत नाहीत. निवेदनात 'केले' की 'केलं'? आकडे देवनागरी की इंग्रजी? अवतरणचिन्हे एकेरी की दुहेरी? 'फॉन्ट' की 'फाँट'? असे निर्णय पहिल्या दहा पानांतच घ्या आणि एका कागदावर अकारविल्हे लिहून ठेवा. व्यवसायात याला स्टाइलशीट म्हणतात. दिवाळी अंकासारख्या अनेक लेखकांच्या कामात हा कागद नसेल, तर प्रत्येक लेख वेगळ्या घराण्यातला वाटतो. दोघे-तिघे मिळून तपासत असतील तर तो कागद सगळ्यांकडे हवा.

संगणकाकडून काय घ्यावे

संगणक शोधायला उत्तम, बदलायला धोकादायक. 'आणी'च्या जागी 'आणि' असे सगळीकडे एका झटक्यात बदलले, की 'आणीबाणी'ची 'आणिबाणी' होते. 'नागपुर' सुधारण्यासाठी 'पुर'चे 'पूर' केले, तर 'पुरुष' आणि 'पुरवठा' बिघडतात. म्हणून 'सर्व बदला' हे बटण वापरू नका. एकेक जागा पाहत पुढे जा.

काही चुका मात्र शोध-सुविधेशिवाय सापडणे कठीण. 'दुःख', 'अंतःकरण' यांतला विसर्ग पुष्कळदा अपूर्णविरामाचे चिन्ह वापरून टंकलेला असतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण ओळ तुटताना शब्द नको तिथे फुटू शकतो आणि शोध घेताना तो सापडत नाही. फाइलमधली अपूर्णविरामाची चिन्हे शोधून एकेक पाहिली, की हे दहा मिनिटांचे काम आहे. तसेच दोन शब्दांमधल्या दुहेरी जागा आणि विरामचिन्हाआधी सुटलेली जागा. जुन्या फॉन्टमधला मजकूर यूनिकोडमध्ये रूपांतरित केलेला असेल, तर रफार, 'ऱ्य' आणि जोडाक्षरे यांची स्वतंत्र फेरी करा. तिथे एक चूक असली, की तीच पुस्तकभर पसरलेली असते.

मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय आता मोबाइलवरही आहे. सोबतीला कुणी नसेल तर ती वापरा. गळलेला शब्द कानाला लगेच खटकतो. पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक कानाला कळणार नाही, कारण बोलताना आपण तो फरक फारसा पाळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरत असाल तर त्यांच्याकडून चुकांची यादी मागा, सुधारलेला मजकूर मागू नका. ती न सांगता वाक्य गुळगुळीत करतात, आणि लेखकाचा शब्द कधी गेला ते कळतही नाही.

नावे आणि आकडे

नावाला नियम लागत नाही. ते ज्याचे आहे तो जसे लिहितो तसेच लिहायचे. आद्याक्षरांतले अनुस्वार तर हमखास गळतात: चिं. वि. जोशी, चिं. त्र्यं. खानोलकर, गं. बा. सरदार. पत्रिकेवरच्या 'चि. सौ. कां.'मधले टिंबही असेच जाते. एकच नाव अनेक पानांवर येत असेल, तर ते सगळीकडे सारखे आहे का ते शोध घेऊन पाहा.

आकडा कधीही एकटा तपासू नका. त्याला दुसऱ्या आकड्यासमोर उभा करा. बेरीज दिली असेल तर ती करून पाहा. टक्के शंभर होतात का पाहा. जन्मसाल, मृत्युसाल आणि वय जुळते का पाहा. 'लाख' आणि 'कोटी' या शब्दांजवळ थांबा, आणि १,००,००० मधले स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडले आहेत ना, ते बघा. तारखेसोबत वार असेल तर दिनदर्शिका उघडा. शके दिले असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तो १ मे १९६० हा दिवस रविवार होता आणि शके १८८२ चालू होते. तीन आकडे एकमेकांची साक्ष देतात, ती अशी.

पुस्तकाच्या मागे असलेला आयएसबीएन क्रमांकही स्वतःच स्वतःला तपासतो. २००७ पासून तो १३ अंकी आहे. पहिल्या अंकाला १ने, दुसऱ्याला ३ने, तिसऱ्याला पुन्हा १ने, असे शेवटपर्यंत गुणा आणि बेरीज करा. बेरजेला १०ने भाग गेला नाही, तर एखादा अंक नक्की चुकला आहे.

खूण करा, मर्यादा पाळा

दुरुस्ती कळेल अशी करणे हा कौशल्याचा अर्धा भाग आहे. कागदी प्रुफात चुकीच्या जागी खूण आणि दुरुस्ती त्याच ओळीसमोर समासात, अशी रीत आहे. एका ओळीत दोन दुरुस्त्या असतील तर डावीकडून उजवीकडे, मध्ये तिरकी रेघ देऊन. घालायच्या जागी काकपदाची (^) खूण. चुकून खोडलेला शब्द ठेवायचा असेल तर त्याखाली टिंबे आणि समासात 'असू द्या'. फक्त ओळीत लिहिलेली दुरुस्ती अक्षरजुळणी करणाऱ्याच्या नजरेतून सुटते, मग दोष कुणाचा यावर वाद होतात.

प्रूफ पाहणारा लेखक नाही. वाक्य आपल्याला आवडले नाही, म्हणून बदलायचे नसते. तथ्याची शंका आली तर समासात प्रश्न लिहायचा, उत्तर लेखक देईल. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी संवादातली वेलांटी 'सुधारणे' म्हणजे पात्राची जीभ बदलणे. जुन्या मजकुराबाबत तर नियमच स्पष्ट आहे: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतले उतारे मुळाप्रमाणे छापायचे, त्यानंतरचे लेखन, या दोघांसह, आजच्या नियमांनी.

दुरुस्तीनंतरचे प्रूफ

दुसऱ्या प्रुफात दोन गोष्टी पाहायच्या: सांगितलेली दुरुस्ती झाली का, आणि ती करताना शेजारी काही बिघडले का. एक शब्द वाढला की परिच्छेदाच्या पुढच्या ओळी सरकतात, पानाचा शेवट बदलतो आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकतात. म्हणून अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी, प्रत्येक शीर्षक प्रत्यक्ष पानाशी जुळवून तपासा.

छपाईला सोडण्याआधी सर्वांत मोठी अक्षरे पाहा: मुखपृष्ठ, कण्यावरचे नाव, मलपृष्ठ, लेखांची शीर्षके, पानांच्या माथ्यावरच्या ओळी. बारीक मजकुरावर चार फेऱ्या मारणारेही शीर्षक वाचत नाहीत, कारण ते आधीच 'माहीत' असते. शीर्षके अक्षर-अक्षर उच्चारून वाचा.

किती सुधारलो ते मोजा

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांचा निर्दोष छपाईबद्दल मोठा लौकिक होता. तिथली प्रुफे जाणकार शास्त्र्यांच्या नजरेखालून जात. आपल्याकडे शास्त्री नसले तरी दुसरी नजर मिळवता येते, आणि तिच्या मदतीने आपली नजर किती धड आहे ते मोजताही येते. गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९७६मध्ये त्याची सोपी रीत मांडली.

एकच प्रूफ दोघांनी एकमेकांचे न पाहता तपासायचे. समजा, तुम्हाला ३० चुका सापडल्या, मैत्रिणीला २४, आणि त्यांतल्या २० दोघींच्या सारख्या आहेत. म्हणजे फक्त तुम्हाला सापडलेल्या १०, फक्त तिला सापडलेल्या ४. या दोन आकड्यांचा गुणाकार ४०. त्याला सारख्या चुकांच्या २०ने भागा. उत्तर २. दोघींच्याही नजरेतून सुमारे दोन चुका अजून निसटल्या असाव्यात, असा अंदाज. मिळून सापडल्या ३४, म्हणजे एकूण ३६. त्यांपैकी तुम्ही एकटीने ३० पकडल्या, दर सहांतल्या पाच.

निसटलेल्या चुकांचा हा अंदाज प्रत्यक्षापेक्षा थोडा कमीच समजावा, कारण काही चुका अशा असतात की त्या कुणालाच चटकन दिसत नाहीत. तरी 'माझे शुद्धलेखन चांगले आहे' या समजुतीपेक्षा 'मी सहांतल्या पाच पकडते' हे ज्ञान जास्त कामाचे. हातात येणाऱ्या पुढच्या प्रुफाची दहा पाने अशी दोघांत तपासा आणि आकडा चुकांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कोणत्या प्रकारच्या चुका फक्त दुसऱ्याला दिसल्या तेही त्याखाली नोंदवा, कारण पुढचे काही महिने सराव त्याच प्रकारांचा करायचा आहे. मग पुन्हा दहा पाने घ्या आणि पुन्हा मोजा.